नव्वदीतल्या मेटलची दोन खोकी घरी आलीत, यातलं ठेवायचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांनी घर बदलताना दोन खोकी तुमच्या गळ्यात टाकली, त्यात दीडशेच्या आसपास सीडी आणि साठेक कॅसेट, सगळा माल १९९० ते १९९९ मधल्या हेवी मेटल संगीताचा, त्यातले चार-पाच बँड सोडले तर बाकीची नावं तुम्ही पहिल्यांदाच वाचताय, आणि आता तुम्हाला हवीय एक यादी, की हे ठेवा आणि हे काढून टाका, कारण गाणी काय, सगळी ऑनलाइन आहेतच.

यादी मी दहा मिनिटांत देईन हो, पण तिचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. मी लिहीन जुडास प्रीस्टचा 'पेनकिलर' ठेवा, तुम्ही खोक्यातून 'पेनकिलर' बाजूला काढाल, आणि ती निघेल २००१ ची रीमास्टर (आवाजावर नव्याने हात फिरवून काढलेली) सीडी, मामांनी जुनी खराब झाली म्हणून मधे कधीतरी घेतलेली. आणि तळाशी एखादी कव्हरला तडा गेलेली, बावळट दिसणारी सीडी असेल जिच्यावरचा आवाज आज सहजासहजी कुठे ऐकायला मिळत नाही, ती तुम्ही देऊन टाकाल. म्हणजे 'अल्बम कुठला भारी' हा तुमचा प्रश्नच नाहीये, 'माझ्या हातातली ही प्रत नक्की कुठली' हा आहे. भारी अल्बमच्या याद्या ढिगाने पडल्यात, प्रतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी काही गोष्टी ज्या तुमच्यावर आहेत. घरात चालू स्थितीतला सीडी प्लेअर नसेल आणि घ्यायचाही नसेल तर पुढचं निम्मं उत्तर तुमच्यासाठी नाही. मामांनी खोकी कायमची दिलीत की 'सध्या ठेव' म्हणून दिलीत हे स्पष्ट विचारून घ्या, यावरून घराघरात अबोले झालेले पाहिलेत. आणि तिसरं, हे संगीत तुम्हाला सोसतं का? पहिल्या आठवड्यात उत्तर 'नाही' आलं तरी तेवढ्यावर काही ठरवू नका, ते का ते पुढे येईल.

माझं म्हणाल तर तीस वर्षं हेच करतोय, सध्या सातशेच्या वर सीडी आहेत आणि कॅसेटचे दोन ड्रॉवर. दोनदा मी मोठी साफसफाई केली आणि त्यातली एक साफ चुकली. झालं असं की २००४ साली मेगाडेथ या बँडचे जुने अल्बम नव्याने बाजारात आले, नवीन कव्हर, जास्तीची गाणी, सगळं चकाचक, मी 'रस्ट इन पीस' नवा घेतला आणि जुनी १९९० ची सीडी एका ओळखीच्या पोराला देऊन टाकली, म्हटलं आता हिचं काय काम. नवी सीडी घरी लावली आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासून काहीतरी खुपायला लागलं. आवाज त्यांचा गायक मस्टेन याचाच, पण ओळ ज्या वळणावर मी मनात त्याच्याबरोबर म्हणायचो तिथे तो वेगळंच म्हणत होता. मला वाटलं माझीच आठवण दगा देतेय. नंतर कळलं की ही नुसती रीमास्टर नव्हतीच, मुळातल्या रेकॉर्डिंगवरून पूर्ण नवा मिक्स केला होता आणि गाण्याच्या काही मूळ टेप सापडल्या नाहीत म्हणून ते भाग त्याने चौदा वर्षांनी परत गायले होते. म्हणजे मी जो अल्बम पाठ केला होता तो मी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता आणि त्याच नावाचा दुसरा अल्बम घरात आणला होता. जुनी छपाई परत मिळायला मला दोन वर्षं लागली. ते पोरगं तोवर आपली सीडी हरवून मोकळं झालं होतं, ते वेगळंच.

म्हणून तुमच्या खोक्यात 'रस्ट इन पीस' ची जुनी सीडी असेल तर ती हलवू नका. गिटारवादक मार्टी फ्रीडमनचे सोलो माझ्या कानाला दोन्हीकडे सारखेच लागतात, पण जुन्या मिक्समध्ये सगळं थोडं कोरडं, थोडं लांबून येतं आणि मला तेच बरोबर वाटतं. कुणाला नवाच आवडतो, त्याच्याशी मी भांडत नाही. पण हे दोन वेगळे आहेत एवढं तरी ठाऊक असावं.

इथे दोन शब्द नीट समजून घ्या कारण लोक ते सर्रास एकाच अर्थाने वापरतात. रिमिक्स म्हणजे गिटार, बेस, ड्रम, गळा हे वेगवेगळे ट्रॅक परत समोर घेऊन त्यांचं प्रमाण नव्याने ठरवणं. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवरच शेवटचा हात फिरवणं, एकूण आवाज किती मोठा, किती उजळ वगैरे. रिमिक्समध्ये फरक लगेच कळतो, रीमास्टरचा फरक हळूहळू कानाला दमवतो. त्याचं कारण असं की सीडीवर आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर काही जाऊच शकत नाही. १९९० च्या सुमारास मास्टर करणारे लोक छताखाली बरीच मोकळी जागा सोडायचे, स्नेअरचा (ड्रम-संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका बसला की तो त्या मोकळ्या जागेत उसळी घ्यायचा आणि खाली यायचा. पुढे पुढे प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी झाली, मग बारीक आवाज वर ओढा, मोठा आवाज छताला चेपा, असं करत सगळंच एका पातळीवर आणून ठेवलं. वाजतं जोरात, पण फटका म्हणून काही उरत नाही. हे तुमच्या खोक्यातल्या खोक्यातच तपासता येईल, एक १९९० ची सीडी लावा आणि व्हॉल्यूमला हात न लावता एक १९९९ ची लावा, बहुतेक वेळा १९९९ ची तुम्हाला खुर्चीतून उठवेल.

पण तुलना करताना एक फसगत होते, माझीही झालीय. दोन प्रती शेजारी शेजारी ऐकल्या की जी मोठी वाजते ती कानाला चांगली वाटते. मोठी म्हणून चांगली, बाकी काही नाही. म्हणून आधी जुन्या प्रतीचा आवाज वाढवून दोन्ही साधारण सारख्या करा आणि मग ऐका. स्लेयरचा १९९० चा 'सीझन्स इन द अ‍ॅबिस' असा थोडा वर करून ऐका, ड्रमर डेव्ह लोंबार्डोचे हात मोजता येतील.

आता उलटी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल की जुनं ते सगळं सोनं. डेथ या बँडचा १९९१ चा 'ह्यूमन' घ्या. चक शुल्डिनर, पॉल मास्विडाल, स्टीव्ह डीजॉर्जिओ, शॉन राइनर्ट, नुसती नावं वाचून अंगावर काटा यावा अशी टोळी, पण मूळ मिक्समध्ये डीजॉर्जिओचा बेस शोधत बसावा लागतो. २०११ च्या आवृत्तीत नवा मिक्स केला आणि तो माणूस काय करत होता हे मला वीस वर्षांनी ऐकू आलं. तर इथे माझ्याकडे दोन्ही आहेत आणि ऐकायला मी हल्ली नवीच काढतो. जुनी का ठेवली? कारण ड्रमचा तो जुना, किंचित बंद खोलीतला आवाज नसला की मला चुकल्यासारखं होतं. यात शहाणपण नाही, सवय आहे.

प्रत ओळखायची कशी? सीडी उलटी करा, मधल्या भोकाभोवती आरशासारखा पट्टा असतो त्यावर बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात, तो त्या छपाईचा नंबर. तो डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीडींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाकून ताडून बघता येतो, बऱ्याचदा नेमकी कुठली आवृत्ती ते कळतं. आणखी आत, पारदर्शक भागात, इंग्रजीत आयएफपीआय अशी अक्षरं आणि पुढे छोटा कोड दिसला तर ती सीडी १९९४ किंवा त्यानंतर छापलेली आहे, कारण ते कोड तेव्हापासून आले. म्हणजे १९९१ च्या अल्बमवर हा कोड दिसला तर ती पहिल्या वर्षातली प्रत नाही. म्हणून ती टाकाऊ असं मात्र मुळीच नाही, तोच मास्टर पुढे अनेक वर्षं वापरला जायचा. कव्हरच्या मागे छापलेल्या वर्षावर फार भरवसा ठेवू नका, तिथे अल्बमचं वर्ष असतं, त्या तबकडीचं असेलच असं नाही. आणि एखाद्या डबीच्या कडेला जपानी अक्षरं असलेली कागदी पट्टी असेल तर ती फाडू नका बाबा. जपानी आवृत्त्यांवर बहुतेकदा एखादं जास्तीचं गाणं असायचं, कारण तिथे बाहेरून आयात केलेली सीडी स्वस्त पडायची आणि लोकांनी स्थानिक छपाई घ्यावी म्हणून काहीतरी आमिष दाखवावं लागायचं.

कधी कधी आवाज सारखा असतो आणि गाणीच वेगळी असतात. टाइप ओ निगेटिव्हचा 'ब्लडी किसेस' १९९३ मध्ये आला तेव्हा गाण्यांच्या मधे मधे विचित्र आवाजांचे तुकडे होते, पुढच्या वर्षी पुठ्ठ्याच्या कव्हरातली जी आवृत्ती आली तिच्यातून ते तुकडे काढले आणि एक वेगळं गाणं घातलं. मला तुकडेवाली आवडते, त्या तुकड्यांशिवाय तो अल्बम जरा जास्तच सभ्य वाटतो. मेटालिकाचा १९९६ चा 'लोड' तर सीडीच्या पोटात मावेना म्हणून शेवटचं गाणं शेपटी कापून बसवलंय, सगळं मिळून ७९ मिनिटांना एखादा सेकंद कमी, आणि न कापलेलं गाणं नंतर एका सिंगलवर आलं, सोबत छपाईच्या मर्यादेवर टोमणा मारणारं नाव लावून. खोक्यात मेटालिकाच्या एक-दोन गाण्यांच्या किरकोळ सीडी दिसल्या तर त्या 'अर्धवट' समजून काढू नका ते यासाठी.

तसं बघितलं तर त्या दशकात सीडीने लांबीची सवय बिघडवली. 'रस्ट इन पीस' ४० मिनिटांच्या जरा वर, आणि पाच-सहा वर्षांत सगळे ७० मिनिटांवर गेले, जागा आहे ना मग भरा. त्या गर्दीत अ‍ॅट द गेट्सने १९९५ साली 'स्लॉटर ऑफ द सोल' ३५ मिनिटांच्या आत संपवला आणि आजही त्यात एक सेकंद जास्तीचा सापडत नाही.

एक धोक्याची सूचना. काही सीडी तुम्हाला खराब वाटतील आणि त्या खराब नसतील. कॉर्नचा 'फॉलो द लीडर' लावाल तर काहीच ऐकू येणार नाही, कारण पहिले बारा ट्रॅक पाच-पाच सेकंदांच्या शांततेचे आहेत, अल्बम तेराव्यापासून सुरू होतो. (आमच्यातले कट्टर लोक कॉर्नला मेटल म्हणत नाहीत, म्हणू नका, पण सीडी फेकू नका.) दुसरं म्हणजे डार्कथ्रोनचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. तो लावल्यावर वाटेल की स्पीकर गेला किंवा कॅसेटवरून कॉपी केलीय. तो तसाच आहे. चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर घरी केलेला, सगळी वाद्यं फेनरिझने एकट्याने वाजवलेली, मुद्दाम पातळ आणि बोचरा. त्याच वर्षी पँटेराचा 'फार बियाँड ड्रिव्हन' अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर उतरला होता, घणाने ठोकल्यासारखा जाड आवाज. दोन्ही अल्बम एकाच वर्षातले आणि दोन्ही मेटल. हे दोन पाठोपाठ ऐकलेत की नव्वदीबद्दल मी दहा परिच्छेदात जे सांगीन ते एका संध्याकाळी कळेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: मिक्स वेगळा आहे का, मास्टर जुना आहे का, गाण्यांचा संच वेगळा आहे का, या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर प्रत ठेवा. तिन्ही 'नाही' आणि बुकलेटही फाटकं असेल तर विचार करायला हरकत नाही.

बुकलेटचं का म्हणतोय? कारण आमचं शिक्षण तिथे झालंय. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आभाराची यादी असायची, आई-बाबा, देव किंवा सैतान ज्याचा त्याचा, आणि मग बँडची नावं, पन्नास-साठ. मी पेन्सिलीने खुणा करायचो. तीन वेगवेगळ्या अल्बमच्या आभारात एकच अनोळखी नाव दिसलं की समजायचं हा बँड शोधायला हवा. असे मला कितीतरी बँड सापडले, आणि गंमत म्हणजे त्यातले काही अगदीच सुमार निघाले, ते नुसते त्यांचे दोस्त होते. मामांच्या बुकलेटमध्येही खुणा असतील, बघा. असतील तर ती सीडी आवाजाने कशीही असो, ठेवा.

चित्रांचंही तसंच. कार्कासच्या 'हार्टवर्क' वर एच. आर. गिगर या स्विस कलाकाराचं शिल्प आहे. मॉर्बिड एंजेलच्या 'ब्लेस्ड आर द सिक' चं कव्हर म्हणजे जाँ देलव्हिल या बेल्जियन चित्रकाराचं १८९५ चं चित्र, आणि बोल्ट थ्रोअरच्या 'द फोर्थ क्रुसेड' वर फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरणाऱ्या क्रुसेडर्सचं चित्र, ज्याचं मूळ लूव्र संग्रहालयात आहे. चित्रकलेचं एकही पुस्तक न उघडता मला ही माणसं माहीत झाली ती अशी. टूलच्या 'अनिमा' ची जुनी डबी हलवली की चित्र बदलतं, ते फोनच्या पडद्यावर इंचभर चौकोनात काय दिसणार.

आता दीडशे सीडी ऐकायच्या कुठल्या क्रमाने. अक्षरांप्रमाणे लावू नका, वर्षांप्रमाणेही नको. मी माझ्या सीडी स्टुडिओप्रमाणे लावतो, लोक हसतात, पण नवख्या माणसाला या संगीतात शिरायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. बुकलेटमध्ये रेकॉर्डिंग कुठे झालं ते लिहिलेलं असतं. फ्लोरिडातल्या टँपाचा मॉरिसाउंड दिसला की एक ढीग: ऑबिच्युअरीचा 'कॉज ऑफ डेथ', डेथचा 'ह्यूमन', सेपल्तुराचा 'अराइज', सिनिकचा 'फोकस'. सेपल्तुरा ब्राझीलचे, पण 'अराइज' साठी तिथे गेले, कारण स्कॉट बर्न्स नावाच्या माणसाला एवढ्या वेगात वाजणारे ड्रम स्पष्ट कसे पकडायचे ते जमत होतं. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ दिसला की दुसरा ढीग: एंटूम्डचा १९९० चा 'लेफ्ट हँड पाथ', डिस्मेंबरचा पहिला अल्बम. तिथली गिटार लाकूड कापायच्या यंत्रासारखी येते, बॉस कंपनीचा एचएम-२ पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची छोटी पेटी) आणि त्याच्या सगळ्या खुंट्या शेवटापर्यंत पिळलेल्या, एवढंच त्यातलं गुपित. फिनलंडचे अमॉर्फिसही 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' साठी तिथेच गेले, गाण्यांचे शब्द त्यांच्या 'कालेवाला' महाकाव्यातले आणि गिटार ही अशी करवत. तिसरा ढीग नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रीगहालेनचा. हे मुळात वाद्यवृंदांसाठी बांधलेलं सभागृह, आणि पिटन नावाने ओळखला जाणारा ध्वनिमुद्रक तिथे एंपररचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' आणि मेहेमचा 'दे मिस्टेरीस दोम साथानास' करून घेत होता. त्या दोन्हींत ड्रमच्या मागे जी मोठी, थंड पोकळी ऐकू येते ती कुठून आली हे वाचल्यावर मला उलगडलं.

असे ढीग केले की तुम्ही बँड नाही ऐकत, खोली ऐकता. आणि मग अचानक मजेशीर गोष्टी दिसतात. डार्कथ्रोन, मघाशी म्हटलं ते घरगुती पातळ आवाजवाले, त्यांचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' हा सनलाइटमधला आहे! नीटनेटका डेथ मेटल (हा मेटलचा एक प्रकार, मघाचा डेथ बँड नव्हे). पुढच्याच अल्बमला त्यांनी ते सगळं सोडून दिलं. ती सीडी चुकीच्या ढिगात पडल्यासारखी वाटते आणि म्हणूनच मला ती हातात घ्यायला आवडते.

सीडींची तब्येत झटपट सांगतो. दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी प्रकाशाची छिद्रं दिसली किंवा कडेने तपकिरी-सोनेरी झाक चढलेली दिसली तर आज-उद्यातच कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (आवाजाची काटछाट न करणाऱ्या फाइलमध्ये) कॉपी करून ठेवा, हा रोग थांबत नाही. १९८८ ते १९९३ च्या दरम्यान ब्रिटनमधल्या एका कारखान्यात छापलेल्या बऱ्याच सीडींना हे झालंय. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. दोन सीडींच्या जुन्या जाड डब्यांत स्पंजचा तुकडा असेल तर तो काढून फेका, तो वितळून तबकडीला चिकटतो. माझी एक चांगली लाइव्ह सीडी अशीच गेली.

कॅसेटकडे येऊ. इथे माझं मत जरा कठोर आहे: कंपनीच्या छापील कॅसेट ज्यांची सीडी खोक्यात आहेच, त्या काढल्या तरी चालतील, कव्हर आवडलं तर कव्हर ठेवा. पण घरी भरलेल्या, हाताने नावं लिहिलेल्या कॅसेट एकही काढू नका. वाजवण्याआधी आतला छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघा, त्याचा गोंद वाळतो आणि तो गळून पडतो, मग आवाज पातळ आणि डळमळीत येतो. फेल्ट दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून लावता येतो. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच प्ले करू नका, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. आणि कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की संपलं.

त्यांच्यासाठी एवढा आग्रह का ते सांगतो. माझी पहिली मेटलची कॅसेट एका वर्गमित्राने भरून दिलेली होती, ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. एका बाजूला 'पेनकिलर', दुसऱ्या बाजूला 'रस्ट इन पीस'. आता 'पेनकिलर' आहे ४६ मिनिटांचा, त्यात पठ्ठ्याने सुरुवातीला थोडी टेप रिकामी सोडली होती, त्यामुळे शेवटचं गाणं दर वेळी मधेच टक करून तुटायचं. चारेक वर्षं मी तो अल्बम तसाच ऐकला. पुढे सीडी आणली आणि गाणं तुटायच्या जागेवरून पुढे गेलं तेव्हा मी दचकलो, कुणीतरी माझ्या घरात परक्यासारखं शिरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या बाजूला उलटं, तिथे शेवटी चार मिनिटं उरत होती म्हणून त्याने त्यात कुठलंसं एक गाणं घुसवलं होतं, नाव न लिहिता. ते कुणाचं हे शोधायला मला नऊ वर्षं लागली, आणि अजूनही 'रस्ट इन पीस' संपला की माझे कान त्या गाण्याची वाट बघतात. हे कुठल्याही ऑनलाइन आवृत्तीत सापडणार नाही, कारण हा अल्बम जगात एकच आहे आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग काढायचं काय? एकाच मास्टरच्या दोन प्रती असतील तर एक काढा. शतकाच्या शेवटाला बाजारात आलेले 'सर्वोत्तम' छापाचे संग्रह काढा, त्यातलं बहुतेक सगळं मूळ अल्बममध्ये असतं. अडखळणाऱ्या, खोल ओरखड्यांच्या आणि सहज मिळणाऱ्या सीडी काढा. 'आवडला नाही' या कारणावर मात्र पहिल्या वर्षी काहीही काढू नका. १९९५ मध्ये आयर्न मेडनचा 'द एक्स फॅक्टर' आला तेव्हा ब्रूस डिकिन्सन जाऊन ब्लेझ बेली आला होता, ७१ मिनिटांचा काळवंडलेला, सुस्त अल्बम, मी एकदा ऐकून कपाटात कोंबला आणि मित्रांसमोर त्याची टिंगल केली. दहा-बारा वर्षांनी एका वाईट हिवाळ्यात तो सहज लावला. आज मेडनचा नव्वदीतला एकच अल्बम ठेवायचा म्हटलं तर मी तोच ठेवीन, 'फिअर ऑफ द डार्क' नाही. पहिल्या साफसफाईत मी तो जवळजवळ काढलाच होता, फक्त तेव्हा हाताला लागला नाही म्हणून वाचला.

तुम्ही लिहिलंय की कॅसेटमध्ये एक अशी आहे जिच्या एका बाजूला मामांचं अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कुणाचं, आणि नावाच्या जागी नुसता एक बाण काढलाय. बाकी सगळं नंतर करा. ती आधी नीट फिरवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मामांना फोन करून विचारा, तो बाण कुणाचा.